रिकामं अक्षर

पाटी रंगवायची होती, म्हणून पेंटर त्या घरी गेला. काम साधं होतं. जुनी पाटी उतरवायची, तशीच नवी करून टांगायची आणि संध्याकाळच्या आत घरी यायचं.

खाली सायकलदुरुस्तीचं दुकान आणि बाजूने वर जाणारा लाकडी जिना. बाहेर लख्ख दुपार होती, तरी जिन्यात हाताला कठडा शोधावा लागत होता. वरच्या दारावर पाटी होती : ‘संवादद मंडळ’.

पेंटरची शाळा लवकर सुटली होती, पण पाटीवरचं अक्षर चुकलेलं त्याला खपत नसे. दार उघडणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना त्याने आधी तेच विचारलं, “मंडळ तोतरं आहे का हो?”

बाई मनापासून हसल्या. मंडळाच्या त्याच प्रमुख. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. आयुष्यभर त्यांनी इस्पितळात आयाचं काम केलं होतं. ज्यांच्या उशाशी बसायला कुणी नसायचं, त्यांच्या उशाशी त्या बसायच्या.

“दुसरा द वाचायचा नसतो,” त्या म्हणाल्या. “तो आपल्यासाठी नाहीच.”

मग चहा ओतता ओतता त्यांनी सगळं समजावून सांगितलं. गेलेल्या माणसांशी बोलणारी जी मंडळं आहेत, त्यांची लिहिण्याची रीत वेगळी. नदीपलीकडचे लोक ‘गूढ’मधला दीर्घ ऊकार मुद्दाम ऱ्हस्व काढतात आणि दीर्घ काढणाऱ्याच्या घरी पाणीही पीत नाहीत. कापडबाजारातले ‘मंत्र’वरचा अनुस्वार गाळतात. तो ठिपका म्हणजे दाराची कडी, ती काढून ठेवलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. भांडणं तर विचारू नका, जिवंत माणसांची मेलेल्यांपेक्षा जास्त.

“पण मूळ गोष्ट एकच,” बाई म्हणाल्या. “रोजच्या वापरातला शब्द सगळ्यांच्या हाताचा असतो, झिजलेला. पाहुण्यासाठी वेगळा काढून ठेवावा लागतो. आम्ही एक अक्षर जास्त घालतो. नुसती बाहेरची रेघ काढायची, आत रंग भरायचा नाही. येणाऱ्याला बसायला जागा.”

पेंटरने मान वळवून पाटीकडे पाहिलं. दुसरा द भरलेला होता. विझलेल्या कोळशासारखा मंद काळा.

“हा तर भरलाय.”

“आम्ही नाही भरला,” बाई शांतपणे म्हणाल्या. “म्हणूनच तुम्हाला बोलावलं. बसणाऱ्याला सवय लागली की तो उठत नाही. मग पाटी बदलायची.”

धूळ असेल, दिव्याची काजळी असेल, असं म्हणत पेंटरने टर्पेंटाइनचा बोळा फिरवला. काही निघालं नाही. मग त्याने पाटी उजेडात तिरकी धरली. कुठल्याही रंगाला ब्रशची वळणं राहतात, कितीही कसलेला हात असो. या काळ्यात एकही वळण नव्हतं.

आणि लाकूड तेवढ्याच जागी गार होतं.

त्याने नवी पाटी रंगवली. दुसऱ्या ‘द’ची नुसती रेघ ओढली आणि हात मागे घेतला. रिकामं अक्षर सोडून देणं त्याला जड गेलं. त्याचं कारणही होतं.

अक्षरं भरायचं काम त्याच्या बायकोचं. तो खडूने रेघा आखायचा, अक्षरांच्या कडा ओढायचा, आणि मागून ती भरत यायची. गल्लीत तिला सगळे पेंटरीणच म्हणत. हात असा की रंग कडेच्या बाहेर केसभरही सांडायचा नाही. फक्त एक खोड होती. प्रत्येक अक्षराच्या खालच्या कोपऱ्यात ती मोहरीएवढा ठिपका कोरा सोडायची. तो चिडायचा, आळशी म्हणायचा. ती म्हणायची, “अहो, अक्षराला श्वास घ्यायला जागा नको?” ही गोष्ट त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. गेल्या थंडीत छातीच्या दुखण्याने ती गेली, तेव्हापासून पेंटर कामाला निघाला की वाटेतल्या दुकानांच्या पाट्यांखाली थांबायचा. औषधांचं दुकान, पिठाची गिरणी, शिंप्याचं दुकान. मान वर करून ठिपके बघायचा. लोकांना वाटे, आपलंच काम न्याहाळतोय.

त्या दिवशी बाईंनी त्याला बैठकीला थांबू दिलं. बैठकीत एक बसकंडक्टर होता, आईसाठी आलेला. खिडक्या लावून घेतल्या, एक दिवा ठेवला, नवी पाटी भिंतीला टेकवली. बाई पाटीकडे वळून म्हणाल्या, “बसा.” आपल्याकडे कुणी थोर माणूस यावा तसा तो आवाज. बराच वेळ काही झालं नाही. खालच्या दुकानातली हातोडी तेवढी वाजत होती. मग तीही ऐकू येईना. दिव्याजवळ ओल्या मातीचा आणि त्यात मिसळलेला केसांच्या तेलाचा वास आला, आणि तो आडदांड कंडक्टर तोंडावर हात ठेवून रडू लागला. रिकाम्या अक्षरात तळाशी काहीतरी काळसर साठत होतं, पेल्यात पाणी चढावं तसं.

बाईंनी फार वेळ दिला नाही. उभ्या राहिल्या, हात जोडले. “आलात, बरं वाटलं. आता सावकाश निघा.”

अक्षर कोरं झालं. हातोडी पुन्हा वाजू लागली. बाईंच्या कपाळावर घाम होता, पण आवाज जराही हलला नव्हता. पेंटरने बरीच कसबी माणसं पाहिली होती. असा हात त्याने कुणाचा पाहिला नव्हता.

जिन्यात त्याने धीर करून विचारलं, माझ्या घरच्या बाईसाठी बसाल का? बसू की, बाई म्हणाल्या. पण इथे आलेल्याला परत पाठवतात, हे लक्षात ठेवा. पेंटरला नेमकं तेच नको होतं. त्याने मान खाली घातली. बाईंनी ते ओळखलं.

“घरी काही मांडू नका,” त्या म्हणाल्या. “जागा मांडणं आपल्या हाती असतं. तिथे कोण बसतं, ते नाही. आणि कुणी आलंच, तर अहोजाहो करायचं. आपल्या माणसालासुद्धा.”

पेंटर हो म्हणाला. घरी जाऊन त्याने एक फळी घासली आणि तिच्यावर लिहिलं : ‘घरर’. शेवटचा र कोरा. फळी स्वयंपाकघरात, तिची ओढणी टांगायच्या खिळ्याला लावली. घोरल्यासारखा तो शब्द पाहून ती किती हसली असती, असं त्याच्या मनात आलं.

पुढे बरेच दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी पाहतो तो काय, अक्षर भरलेलं.

त्याचा आनंद पोटात मावेना. रोज कामावरून आला की तो फळीसमोर पाट मांडून बसायचा आणि दिवसभराचं सांगायचा. गिरणीवाल्याने रंगावरून घातलेला वाद, वाण्याच्या पोराचं लग्न. उत्तर येत नसे. पण कुणीतरी कान देऊन ऐकतंय, हे पाठीच्या कण्याला कळत होतं. स्वयंपाकघर दिवसेंदिवस गार पडत चाललं. दूध सकाळी ठेवलं तरी दुपारी फाटायचं. त्याने मनावर घेतलं नाही.

एका संध्याकाळी दिव्याची काच पुसता पुसता त्याने दिवा फळीजवळ नेला. खालचा कोपरा पाहिला.

अक्षर काठोकाठ भरलं होतं. ठिपका नव्हता.

इतके दिवस आपण कुणाला घरातलं सगळं सांगत बसलो होतो...

तो तसाच धावत बाईंकडे गेला. फळी मांडली, पण आत बसलंय ते ती नाही, एवढंच त्याने सांगितलं. बाईंनी पायात चपला सरकवल्या आणि बरोबर निघाल्या. स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. विचारलं, ती नाही हे कशावरून?

पेंटरचं भान सुटलं होतं. “ती ठिपका सोडायची, बाई. खालच्या कोपऱ्यात, डावीकडे. मोहरीएवढा. प्रत्येक...”

बाईंनी झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग हळूच फळीकडे पाहिलं.

“हे बाहेर सांगायचं होतं,” त्या कुजबुजल्या. “इथे नाही...”

त्याला त्यांनी अंगणात बसवलं आणि आतून दार लावून घेतलं. आतून त्यांचा आवाज येत होता, संथ, न रागावलेला. उशाशी बसून एखाद्याला धीर द्यावा तसा. मध्येच त्या थांबत, जणू समोरचं ऐकून घेत, आणि पुन्हा बोलू लागत. अंधार पडला, अंगणात दव पडू लागलं, तरी त्या थकल्या नाहीत. दार उघडून बाहेर आल्या तेव्हा भिंतीचा आधार घ्यावा लागला त्यांना. ओठ निळे पडले होते. तरी आधी त्यांनी पेंटरच्याच डोक्यावरून हात फिरवला.

“बिचारं फार दिवस कुणाशी बोललं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “गेलं. आता ते अक्षर पुसून टाका. आजच.”

अक्षर खरंच कोरं झालं होतं. पेंटरने बाईंना घरापर्यंत पोचवलं, परत आला, अक्षरावरून रंग फिरवायला डबा उघडला. ब्रश बुडवला. पण ती जागा पुसली की पेंटरिणीला यायला कुठलीच जागा उरणार नाही, या विचाराने त्याचा हात उचलेना. उद्या करू म्हणाला. दुसऱ्या दिवशीही उद्या करू म्हणाला.

बाईंनी निरोप पाठवून विचारलं. पुसलं, असं त्याने कळवलं.

मग एक दिवस तो उन्हं कलताना घरी आला. घरात टर्पेंटाइनचा वास होता. डबा तर बंद होता. अक्षर भरलं होतं, मंद काळं. पेंटरने दिवा लावला आणि गुडघे टेकून खालच्या डाव्या कोपऱ्यापाशी नेला.

ठिपका होता. मोहरीएवढा, कोरा.

 त्याच्या तोंडून ‘आलीस?’ निघणारच होतं. तेवढ्यात बाईंचा हात ओठांवर आठवला. ठिपक्याची गोष्ट त्याने आयुष्यात एकदाच उच्चारली होती. ती इथे, याच फळीसमोर.

 तिला परक्यासारखी हाक मारायची... आणि ती नसेल तर? त्याने दिवा खाली ठेवला. बाईंना आठवून, त्यांच्यासारखेच हात जोडले. आवाज हलू दिला नाही.

“आलात... बरं वाटलं.”

घरात काहीच हललं नाही. फक्त कोपऱ्यातला तो ठिपका, त्याच्या डोळ्यांदेखत, पापणी मिटावी तसा सावकाश मिटला.

ती रुसली म्हणून मिटला, की दुसरं कुणी ओळखलं गेलं म्हणून, ते पेंटरला आजही सांगता येत नाही. निरोपाचं पुढचं वाक्य अजून त्याच्या तोंडून निघालेलं नाही.