अण्णांच्या वहीचा वास

मला सहसा किळस येत नाही. वीस वर्षं मी तपासणी प्रयोगशाळेत काढली आहेत. लोक नजर चुकवत, कागदात गुंडाळून ज्या बाटल्या आणून देतात त्या मी उघडते, तपासते, हात धुते आणि डबा खाते. पण त्या दोन दिवसांच्या मोहिमेत मला ज्याची ज्याची किळस आली, त्याची यादी करायची तर सुरुवात जळवांपासून नव्हे, एका चकचकीत दुकानापासून करावी लागेल!

मोहीम होती अण्णांच्या वहीसाठी. अण्णा म्हणजे आमचे वडील. डोंगरावरच्या पठारावर पाऊस मोजायची सरकारी चौकी होती. तिथे दर पावसाळ्यात चार महिने एकटे राहून त्यांनी सव्वीस वर्षं पाऊस मोजला. गेल्या वर्षी एका दिवसात नदी फुगली आणि खालची अख्खी वस्ती वाहून गेली. माणसं छपरांवर चढून कशीबशी वाचली. खापर फुटलं ते अण्णांवर. "यांनी दोनशे मिलिमीटर लिहिलंय. एवढ्यानं नदी अशी फुगत नाही. हे वर गेलेच नसतील, घरी बसून आकडा ठोकून दिला," असं चौकशीच्या साहेबांनी त्यांच्या तोंडावर सांगितलं.

अण्णा एकच म्हणत राहिले, "माझ्या वहीत सगळं लिहिलंय." पण वही होती वर, चौकीतल्या पेटीत. त्याच आठवड्यात त्यांना तापानं घेरलं होतं आणि ते एकटेच कसेबसे खाली उतरले होते. पुढे नजर गेली, नोकरीही गेली. ऑफिसनं कळवलं की चौकी पडली आहे, तिथे काही उरलेलं नाही. बघायला मात्र कोणी गेलं नाही. शेवटची सुनावणी सोमवारी सकाळी अकराला होती. तोवर वही आली नाही, तर खोटारडा हा शिक्का अण्णांच्या कपाळी कायमचा बसणार होता.

म्हणून आम्ही तिघं निघालो. मी, ताई आणि भावोजी.

सामान कुठून घ्यायचं ते अण्णांनीच सांगितलं होतं. नळाच्या सामानाच्या दुकानांमागे एक अंधारी खोली आहे. तिथे एक जाड चष्म्याचा माणूस मोजणीची यंत्रं दुरुस्त करतो, आणि होकायंत्रं, दोर, जुने-नवे तंबू विकतो. खोलीला ग्रीसचा आणि ओल्या कॅनव्हासचा वास. उंबऱ्यापासून आतपर्यंत जमिनीवर एक पिवळी रेघ. भावोजींनी होकायंत्र मागितलं तसं त्यानं एक हातात दिलं आणि म्हणाला, "रेघेवर उभे राहा. उत्तर दाखवा."

"अहो, मला विकत घ्यायचंय!"

"आधी उत्तर, मग विक्री."

भावोजींनी ऐटीत बोट दाखवलं ते थेट गटाराकडे. दुकानदार हसला. "छातीवरच्या खिशातला फोन काढा. फोनला चुंबक असतं. चुंबक आणि होकायंत्र एका घरात नांदत नाहीत." तंबूचंही तेच. मागच्या अंगणात तो स्वतः उभा करायचा, वर दुकानदार एक बादली पाणी ओतणार, आपण आत बसायचं, कोरडे राहिलो तरच तंबू आपला.

"आम्ही गिऱ्हाईक आहोत की उमेदवार?" भावोजी लाल होऊन बाहेर पडले. ताई त्यांच्या मागे गेली. आणि मी? मला त्या माणसाचं सगळं पटलं होतं, तरी मीसुद्धा मुकाट त्यांच्या मागे गेले. जावयाचा अपमान नको! शी! अजूनही आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मग ते चकचकीत दुकान. दारात प्लास्टिकचं झाड, आत फवारलेला रानाचा वास. खऱ्या रानाला असा वास येत नाही; असा वास हॉटेलच्या न्हाणीघराला येतो. एका तंबूत एक पुतळा हसत बसला होता. ज्याच्या बुटांना आयुष्यात चिखल लागला नव्हता असा विक्रेता म्हणाला, "सर, हा मिलिटरी ग्रेड आहे."

"कुठल्या मिलिटरीचा?" मी विचारलं. ताईनं मला चिमटा काढला.

तंबू झाला, बूट झाले, दिवा झाला. होकायंत्रावर एक छोटी कातडी पिशवी फुकट मिळाली. तिचं बटण टक् करून आपोआप बंद व्हायचं. भावोजी आठवडाभर तो टक् आवाज करत घरभर फिरले. त्या आवाजानं माझं डोकं उठायचं, पण त्या बटणाचा विचार करावा असं काही मला सुचलं नाही.

शनिवारी सकाळी आम्ही पूर्वेकडच्या पायवाटेनं पठार चढलो. अण्णांनी आठवणीनं, चाचपडत काढून दिलेला नकाशा माझ्याकडे होता: वर पोचलं की दगडांची रास, तिथून सरळ उत्तरेला दोन तास, की चौकी. वाटेत दरी नाही. एवढं सोपं!

राशीपाशी पोचलो आणि धुकं उतरलं. हाताची बोटं दिसेनात. भावोजींचा फोन आधीच पावसात भिजून मेला होता, ताईचा खाली गाडीत राहिला होता आणि माझा साधा बटणांचा. पण होकायंत्र होतं ना! भावोजींनी पिशवी उघडली, टक्, आणि लाल टोकाच्या मागे आम्ही चालू लागलो.

चालताना पहिल्यांदा जळवा आल्या. नंतर भावोजींच्या उजव्या बुटाचा तळ सुटला आणि दर पावलाला तोंड उघडून चिखल ओकायला लागला. माझ्या मोज्यांत रक्त, चिखल आणि काहीतरी गिळगिळीत एकत्र झालं होतं. ताईच्या कानामागून मी एक फुगलेली जळू ओढून काढली. ती माझ्याच बोटाला चिकटली. ईऽऽ!

दोन तास झाले. चौकी नाही. तीन तास झाले. आणि अचानक ताईनं किंकाळी फोडली.

तिच्या पायाखाली जमीनच नव्हती! भावोजींनी तिची पाठीवरची पिशवी धरली. पिशवीचा पट्टा फाटला. मी आडवी पडले आणि तिचं मनगट पकडलं. दगड सुटले. गडगडत गेले. कितीतरी वेळानं खाली आवाज झाला. आम्ही दोघांनी मिळून तिला वर ओढलं, आणि तिघंही चिखलात पालथे पडून धापा टाकत राहिलो.

समोर दरी होती. अण्णांच्या नकाशात नसलेली दरी.

"झालं!" भावोजी ओरडले. "मला वाटलंच होतं. अण्णांना आता काही आठवत नाही. कोणास ठाऊक, ते कधी..."

"कधी काय?" मी विचारलं.

ते बुटातला चिखल झटकायला लागले. पण वाक्य माझ्या डोक्यात पुरं झालं होतं: ते कधी वर गेले तरी होते का? आणि खरं सांगते, पळभर मलाही तसंच वाटलं. होकायंत्र नवं, नकाशा आंधळ्या म्हाताऱ्याचा. मग चुकणार कोण? त्या साहेबांनी जे केलं तेच मी करत होते. त्या दोन दिवसांत मला सगळ्यात जास्त किळस आली ती त्या क्षणी, स्वतःची.

दिवस मावळायच्या आत तंबू ठोकला. मिलिटरी ग्रेडचा एक दांडा वाकताक्षणी मोडला. छतातून शिवणीशिवणीनं पाणी गळत होतं आणि आत रबराचा असा दर्प की तोंड बाहेर काढून श्वास घ्यावा लागे. तिघं पाठीला पाठ लावून बसून राहिलो. ताई एकदाच बोलली. "उजाडलं की परत जाऊ. अण्णांना सांगू, चौकी पडली म्हणून."

पहाटे डोळा लागला असावा. जागी झाले ती स्टोव्हच्या आवाजानं. भावोजी चहा करत होते! पंचवीस वर्षांच्या संसारात या माणसानं स्वतः पाण्याचा पेला भरून घेतल्याचं मी पाहिलं नव्हतं. धुकं विरळ झालं होतं. समोरच्या दरीच्या डाव्या अंगाला लालसर उजेड फुटत होता.

"काय भावोजी," मी म्हटलं, "आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?"

ते ओशाळून हसले. चाळा म्हणून त्यांनी होकायंत्र काढलं, टक्, आणि त्यांचं हसू जिथल्या तिथे थिजलं.

"अगं... खरंच पश्चिमेलाच उगवलाय."

मी झडप घातली. लाल टोक दरीकडे होतं आणि सूर्य त्याच्या डाव्या हाताला. म्हणजे यंत्राच्या हिशोबानं सूर्य पश्चिमेला! सूर्य चुकणार नाही. मग चुकलंय ते... मी ती कातडी पिशवी घेतली आणि तिचं बटण होकायंत्राजवळ नेलं. काटा गर्रकन फिरला. दूर नेलं तशी सुई थरथरली आणि पुन्हा दरीकडे वळली. चुंबकाचं बटण! आठवडाभर त्याच्या कुशीत झोपून सुईनं आपल्या टोकांची अदलाबदल केली होती. लाल टोक आता दक्षिण दाखवत होतं. आम्ही तीन तास अण्णांच्या चौकीकडे पाठ करून चाललो होतो!

"दरी नकाशात कशी असेल?" ताई रडत रडत हसायला लागली. "आपणच नकाशाबाहेर आलो!"

भावोजींनी ती पिशवी हातात धरली, पाच-सहा वेळा टक् टक् केलं आणि सगळ्या ताकदीनं दरीत भिरकावली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो चष्मेवाला नांदण्याबद्दल काहीतरी म्हणाला होता."

"म्हणाला होता. मीही ऐकलं होतं. आणि मीही गप्प बसले."

आता लाल टोकाकडे पाठ करून चालायचं! तंबू तिथेच टाकायचा मोह झाला, पण रानात घाण नको म्हणून गुंडाळून घेतला. भावोजींनी बुटाचा तळ मोडक्या तंबूच्या दोरीनं बांधला. तीन तासांनी दगडांची रास आली. तिथून दोन तास, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही, आणि धुक्यातून एक मोडकी भिंत पुढे आली. अण्णांची चौकी!

अर्धं छप्पर खाली आलं होतं. उरलेल्या अर्ध्याखाली वटवाघळांनी घर केलं होतं. शेकडो! आम्ही दार ढकललं आणि वर काळी खळबळ उडाली. खाली गुडघाभर लेंड्यांचा थर, त्यावर वळवळणारे किडे, आणि असा उग्र, झोंबरा वास की डोळ्यांतून धारा लागल्या. भावोजी बाहेर पळाले आणि ओकले. ताईनं पदर नाकाला लावला.

"मी जाते," मी म्हटलं. वीस वर्षं कशासाठी काढली होती!

गुडघे रुतले. हात कोपरापर्यंत आत घातला. काहीतरी मऊ लागलं, मेलेला उंदीर. बाजूला टाकला. पुन्हा हात घातला. लाकूड! पेटी! झाकण कुजून हातात आलं. आतल्या कपड्यांचा लगदा झाला होता. त्याखाली मेणकापडात घट्ट बांधलेलं एक गाठोडं होतं. अण्णांची गाठ. लहानपणी आमच्या बुटांच्या नाड्या ते तशाच बांधायचे.

बाहेर आणून उघडलं. कडा कुजल्या होत्या, पानं पिवळी पडून फुगली होती, पण अक्षर जिवंत होतं. त्या तारखेचं पान ताईनं मोठ्यानं वाचलं. मग आम्ही तिघांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

उतरताना भावोजींनी खिशातून सुगंधी ओल्या रुमालांचं पाकीट काढलं, तेही त्याच दुकानातलं. "वही जरा पुसून घेऊ. साहेबांसमोर अशी कशी न्यायची?"

"हात लावू नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की ते दोन पावलं मागे सरले.

सोमवारी अकराला वही साहेबांच्या टेबलावर ठेवली. खोली क्षणात वासानं भरली. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, रुमाल नाकाला लावला आणि अंग चोरत म्हणाले, "हे काय आणलंय? शी! वही नंतर पाहू. आधी तुमचं उत्तर द्या. आकडा घरी बसून भरलात की नाही?"

अण्णा उठून उभे राहिले. त्यांनी चाचपडत वही हातात घेतली, नाकाशी नेली आणि लांब श्वास घेतला. आम्ही सगळे बघत होतो. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच ते हसले.

"साहेब," ते म्हणाले, "घरी बसून भरलेल्या वहीला असा वास येत नाही. आता पान वाचा."

साहेबांनी दोन बोटांत पान धरून वाचलं, तोंड कडू करून, पण मोठ्यानं. 'दुपारी दोन. दोनशेला मापक काठोकाठ भरून वाहू लागलं. पाऊस याहून पुष्कळ जास्त. मोजता येत नाही. वायरलेसवरून तीनदा कळवलं, वस्ती हलवा.' खाली तिन्ही वेळा आणि पलीकडून निरोप घेणाऱ्याचं नाव. साहेबांनी ते नाव मोठ्यानं वाचलं नाही. शेजारी बसलेल्या कारकुनाकडे फक्त मान वळवून पाहिलं. कारकुनानं खाली बघितलं. रुमाल साहेबांच्या नाकावरून कधी खाली आला, ते त्यांनाही कळलं नाही.

"यांच्या नावापुढचा शेरा पुसा," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी भावोजी स्वतःहून त्या अंधाऱ्या खोलीत गेले. मी बरोबर होते. त्यांनी उंबऱ्यातच फोन काढून माझ्या हातात दिला, किल्ल्या दिल्या, पट्ट्याचं बक्कलसुद्धा काढून दिलं. मग एका हातानं पँट सावरत पिवळ्या रेघेवर उभे राहिले.

चष्मेवाल्यानं आमचं उलटं झालेलं होकायंत्र पाहिलं आणि दुसरं पुढे केलं.

भावोजींनी बराच वेळ काट्याकडे पाहिलं. मग उत्तरेकडे बोट केलं.

"बरोबर," चष्मेवाला म्हणाला. "आता अंगणात चला. बादली भरून ठेवलीय."