एकही नोंद सापडली नाही

ही घटना खरी आहे. थापा वाटत असतील तर खुशाल पुढे जा.

माझा मावसभाऊ अश्विन याच्यासोबत गेल्या मे महिन्यात हे घडलं. नागपुरात, भर दुपारी. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी नागपूरची मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही.

अश्विन सॉफ्टवेअर बनवतो. एका कॉलेजच्या लायब्ररीसाठी तो सर्चचं ॲप तयार करत होता. विषय टाकला की कॉलेजमधले सगळे प्रबंध, सगळे शोधनिबंध समोर.

देखरेख श्रीधर सरांची. संत्र्याच्या झाडांवरच्या रोगाचं संशोधन करून त्यांनी मोठं नाव कमावलं होतं.

एक दिवस सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"हर्षा धकाते म्हणून एक पोरगी होती. तिचा प्रबंध सर्चमध्ये दिसला नाही पाहिजे."

"काहून सर?"

"मेली ते. आता कोणाले पाहिजे तिचा प्रबंध? तुले पुढचं काम पाहिजे ना? मंग झाकून टाक."

अश्विनने तो प्रबंध वाचला. मग सरांचा गाजलेला शोधनिबंध वाचला. दोन्हींत वाक्यं तीच.

हर्षा उमरेडच्या विणकराची मुलगी. याच चोरीवरून सरांशी भांडून घरी निघाली आणि वाटेत ट्रकखाली गेली. हे त्याला लायब्ररीतले जुने शिपाई लहानूकाका यांनी सांगितलं.

सगळं कळूनही त्याने ॲपमधल्या 'लपवा' या खान्यात तिचं नाव टाकलं. मला त्याचा अजून राग येतो.

दुसऱ्या दुपारी तो रीडिंग रूममध्ये एकटाच बसला होता. कूलर घरघरत होता.

अचानक कूलर बंद पडला. दिवे मात्र चालू...

आणि मागून आवाज आला.

टक... टक... टक...

कोणीतरी टाइप करत होतं.

त्याने वळून पाहिलं. खुर्ची रिकामी. कॉम्प्युटर बंद.

लहानूकाका दारातच थांबले होते. "हर्षाताई तिथंच बसे गा," ते हळूच म्हणाले.

अश्विनला सरांचा चोरलेला शोधनिबंध आठवला. त्याने ॲप उघडून सरांचं नाव टाकलं.

'एकही नोंद सापडली नाही.'

त्याने 'लपवा' खाना उघडला. हर्षाचं नाव तिथे नव्हतं...

तिथे श्रीधर सरांचं नाव होतं.

त्याने ते पुसलं. मागून पुन्हा टक... टक... आणि एकेक अक्षर परत उमटलं.

तो केबिनकडे धावला. दारावरची पाटी कोरी. टेबलावर चहाचा कप, चहा अजून गरम. सर नाहीत.

"काका, श्रीधर सर कुठं गेले?"

"कोण श्रीधर सर?"

काका थट्टा करत नव्हते. इतकी वर्षं सरांना चहा नेऊन देणारा माणूस खरंच विचारत होता.

संध्याकाळी तो सरांच्या घरी गेला. सरांच्या बायकोने दार उघडलं. "श्रीधर? इथं तर मी एकटीच राहते," त्या म्हणाल्या.

आता त्या ॲपमध्ये काहीही शोधा, सगळ्यात वर हर्षाचा प्रबंध येतो. तिला हवं ते मिळालं, असं अश्विनला वाटलं होतं.

पण शेवटचं म्हणून त्याने तो खाना पाहिला. सरांच्या नावाखाली...

दुसरं नाव. अश्विनचं.

त्याने ते काम सोडलं. तेव्हापासून तो रोज रामटेकला आईला फोन करतो आणि एकच विचारतो, "आई, मी कोण?"

"काहून असं विचारतं बाबू? अश्विन होय तू," म्हणून मावशी हसायची.

काल ती हसली नाही. म्हणाली, "कोण बोलून राहिलं गा?"

हे सांगताना तो माझ्यासमोर लहान मुलासारखा रडत होता. म्हणून त्याचं नाव मी इथे लिहून ठेवलं आहे. उद्या मला कोणी अश्विनबद्दल विचारलं तर मी त्याला ओळखेनच, याची आता मला खात्री नाही.