जागा भरा

त्या दुपारी मी मैदानावर गेलो होतो ते नव्या लोकांना बूट वाटायला. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांमुळे माझं डोकं उठतं, हे आधीच सांगून ठेवतो. तेव्हा मध्येच हसू नका.

शहरात तेव्हा रोज काहीतरी पेटत होतं. सरकार पडलंय की पडायचंय, हेच कुणाला कळत नव्हतं. आमचे निम्मे पोलीस दवाखान्यात, काही सरळ घरी पळालेले. वरून हुकूम आला, लढाईवरून परत येऊन घरी बसलेले सैनिक भरती करा, जागा भरा. कवायत शिकवणारा मी, म्हणून ती तुकडी माझ्या गळ्यात पडली. आणि त्या तुकडीत माझा धाकटा भाऊ.

आईनं सकाळीच मला चुलीपाशी अडवलं होतं. "एकदा तो जिवंत परत आलाय. त्याला चौकात उभा केलास, तर मला तोंड दाखवू नकोस."

"आई, मी साधा कवायत मास्तर. माझ्या हातात काय..."

"मला शहाणपण शिकवू नकोस."

मग वायरलेसच्या खोलीतल्या जाड्याच्या हातापाया पडलो. धाकट्याला तिथे बसवून घ्यायला तो तयार झाला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. बूट वाटले आणि धाकट्यासकट तुकडीला रांगेत उभं केलं.

रांग बघून माझं टाळकंच सटकलं. दोघं उभे, मग एका माणसाची जागा मोकळी. पुढे तिघं, पुन्हा मोकळी.

"परीक्षेचा पेपर आहे का हा? गाळलेल्या जागा सोडून उभे राहिलात ते?"

कुणी हसलं नाही. टोकाला एक पिकल्या मिशांचा होता, त्याला सगळे काका म्हणत. समोरची नजर न हलवता तो हळू बोलला, "मास्तर, आमच्या पलटणीत... गेलेल्याची जागा सोडून उभं राहतात."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण चौकात अशी रांग उभी केली तर जमाव आरपार निघून जाईल. मी ओरडलो, "जागा भरा!"

आमच्या पोलिसांत याचा अर्थ एकच. सरका, शेजाऱ्याला खांदा लावा.

ते सरकले नाहीत. काकाचा चेहरा पांढराफटक पडला. "मास्तर, हे काय बोललात... आमच्यात हा हुकूम म्हणजे, ज्याची जागा त्याला हाक."

वारा अजिबात नव्हता. तरी धूळ उठली, सावकाश खाली बसली, आणि कुठूनसा ओल्या लोकरीचा वास आला. मी पाहिलं, तर रांगेत एकही मोकळी जागा नव्हती. माणसं तीच वाटत होती... पण एकेक चेहरा बघायला गेलो की नजर घसरायची, साबणावरून पाय घसरतो तशी. मी घाबरलो. धाकट्याला दंडाला धरून बाहेर ओढला आणि वायरलेसच्या खोलीत नेऊन कोंबला.

तुकडी चौकात गेली. दिवेलागणीला परतली ती सगळीच्या सगळी, कुणाला ओरखडासुद्धा नाही. जमाव म्हणे त्यांना बघूनच मागे हटला. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि रांग लावली. मधोमध एक जागा मोकळी होती.

"आता ही कुणाची?"

"धाकट्याची," काका म्हणाला.

"अरे, तो आत बसलाय! चांगला धडधाकट!"

"रांगेतून गेला, मास्तर... म्हणजे गेलेलाच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिवंत पोराची जागा सोडतात म्हणजे काय! रागात भान राहिलं नाही, आणि जिभेला वळण तेच.

"जागा भरा!"

शब्द तोंडातून गेला, तेव्हा कळलं मी काय बोललो.

धूळ बसली, तेव्हा धाकटा रांगेत उभा होता. घामाघूम, ओठांवर नेहमीचं खट्याळ हसू. "दादा, असा काय बघतोस?"

मी खुळ्यासारखा वायरलेसच्या खोलीकडे वळलो. जाड्या दारात उभा राहून आतल्या कुणाशी तरी हसत बोलत होता. मला बघून म्हणाला, "मास्तर, धाकटा विचारतोय, सुटी झाली का?"

तेवढ्यात आई फाटकातून आत आली. दिवसभर धीर धरला असणार, आता सुटला. धावत जाऊन तिनं रांगेतल्या धाकट्याचा हात घट्ट धरला. "चल रे बाळा घरी. दमलास ना?"

"आलो गं, आई!"

आवाज खोलीतून आला. रांगेतला नुसताच हसत होता.

आईनं खोलीकडे पाहिलं. मग आपल्या हातातल्या हाताकडे. मग माझ्याकडे.

"तूच सांग," ती पुटपुटली. "हा हात... सोडू का?"

अख्खी तुकडी माझ्या हुकमाची वाट बघत उभी होती.