छताजवळची ओल

पूर ओसरला की लोकांना वाटतं, संपलं. आमचं काम तिथून सुरू होतं. भिजलेली घरं सुकवायची, कुजलेला गिलावा खरवडायचा, बुरशी मारायची आणि घर पुन्हा राहण्याजोगं करून द्यायचं. मी आणि माझी नणंद, दोघी मिळून हेच करतो. जळलेल्या घरांची कामंही घेतो, पण खरं सांगू का, जळकं घर बरं. काय झालं ते तोंडावर सांगून टाकतं. भिजलेलं घर गप्प बसतं आणि आतून सडत राहतं.

त्या घरी गेलो तो दिवस साधाच होता. दुपार होती. पाऊस थांबला होता, पण हवा अशी की नुसतं उभं राहिलं तरी अंगातून पाणी निथळावं. टेम्पोतून पंखे आणि हवा सुकवणारी यंत्रं उतरवली. घरमालक बाहेरच्या जिन्यावर आमची वाट पाहत होता. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. इतकं गोड की वन्सं माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "वहिनी, याच्या जिभेला मुंग्या लागत नाहीत कशा गं?"

घर दुमजली होतं. वर तो राहायचा, बाहेरच्या जिन्याने यायचा-जायचा. खाली एकच मोठी खोली. तिच्या मागच्या कोपऱ्यात एक दार होतं आणि दारापलीकडे आतला अरुंद जिना, थेट वरच्या मजल्यावर निघणारा. फक्त त्या दाराची कडी जिन्याच्या बाजूला होती. खोलीतल्या माणसाला ते उघडता येत नव्हतं.

"खोली सुकवा, रंगवा," मालक म्हणाला. "त्या दाराची कडी मात्र काढू नका. दारापुढे सरळ भिंत घालून टाका."

"खाली कोण राहायचं?" मी विचारलं.

"माझी आत्या. पुरात गेली." त्याने मान खाली घातली. "आम्हाला वाटलं, ती आधीच बाहेर पडली. पावसाच्या आवाजात काही ऐकूच आलं नाही हो."

आमच्या कामात अशी घरं भेटतात. सांत्वनाचे चार शब्द बोललो आणि गमबूट चढवून आत गेलो.

पाणी त्या खोलीत जवळजवळ छताला टेकलं होतं. पंख्याच्या पात्यांवर गाळ वाळून बसला होता. कपाट आडवं पडलेलं, गादी फुगून फुटलेली, आणि खिडकीखाली एक शिलाई मशीन, तिच्या सुईखाली अजून कापडाचा तुकडा अडकलेला. भिंतींवर काळी-हिरवी बुरशी लवीसारखी उगवली होती. वास म्हणाल तर ओल्या राखेत काहीतरी गोड कुजावं तसा. तोंडाला पट्टी बांधली तरी तो जिभेवर यायचा.

आम्ही सामान बाहेर काढलं, गिलावा उतरवला, यंत्रं लावली. हळूहळू भिंती सुकायला लागल्या. ओल मोजायचं उपकरण टेकवलं की आकडा आदल्या दिवसापेक्षा खाली दिसायचा. एका जागेचा मात्र उतरेना. छताला, मागच्या दाराजवळ, ताटलीएवढा एक ओला डाग होता. वरून गळतंय म्हणावं तर वर मालकाची बैठकीची खोली, फरशी ठणठणीत कोरडी.

मी शिडी लावून वर चढले. डागाजवळ तोंड नेलं आणि छतावर हात ठेवला. सगळं छत गार होतं. तेवढी जागा कोमट होती. आणि तो डाग... तो पसरत होता. मग आक्रसत होता. पुन्हा पसरत होता. आरशाला तोंड लावून कुणी श्वास सोडावा तसा. आधी सावकाश. मी बघतेय हे जणू कळल्यासारखा, मग भराभर.

मी खाली उतरले. डागाकडे बोट दाखवलं. वन्सं हसत शिडीवर चढल्या. "भूत असेल तर त्यालाही घमेलं उचलायला लावू," म्हणाल्या. खाली आल्या तेव्हा हसत नव्हत्या.

थोड्या वेळाने समोरच्या घरातली बाई प्यायचं पाणी घेऊन आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. अंगणात काढून ठेवलेल्या मशीनकडे बघत बघत, आम्ही न विचारताच बोलायला लागली.

"या मशीनवर उभं केलंय तिने हे घर. गल्लीभर सगळे तिला आत्याच म्हणायचे. याची आई गेली तेव्हा हा पाळण्यात होता. हिने वाढवला. लग्न करून दिलं, वरचा मजला बांधून दिला. तोंडाने फटकळ होती, खोटं कशाला बोलू? पण गटार तुंबलं की गल्लीसाठी भांडायला तीच पुढे."

"मग पुराच्या दिवशी..." मी म्हणाले.

"बाहेर पाण्याचा रेटा एवढा की तिला पुढचं दार उघडता येईना. आम्ही आमच्या छपरावर चढलो होतो, रस्त्याच्या पलीकडे. तिथे आम्हाला तिचा आवाज ऐकू येत होता. त्या मागच्या दारावर हात आपटत होती. 'दार उघड रे' म्हणत होती. आधी नावाने हाक मारली. मग बाळा म्हणाली. मग..." बाईने पदर तोंडाला लावला. "मग शिव्या. शिव्या देत देत गेली ती."

"आणि हा कुठे होता?"

"वरच्या खिडकीत. आम्ही सगळे ओरडत होतो, अरे कडी काढ, कडी काढ. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. पाणी उतरल्यावर बायको माहेरी निघून गेली त्याची."

ती गेली. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातली पहार जमिनीवर आदळली तेव्हा मला कळलं, मी ती उचलली होती. त्या माणसासाठी मी भिंत घालणार होते! त्या दारापुढे!

"वहिनी, आधी जिन्याकडची बाजू बघून येऊ," वन्सं म्हणाल्या.

खोलीला बाहेरून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. बाहेरच्या जिन्याने वर गेलो आणि मालकाच्या बैठकीतून आतल्या जिन्यात उतरलो. खाली अंधार दाटलेला, वन्संच्या हातात बॅटरी, काखेत पहार. खालच्या बहुतेक पायऱ्यांवर गाळ साचला होता. म्हणजे त्या दाराने पाणी अडवलंच नव्हतं. फटींतून जिन्यातही तेवढंच चढलं होतं. दाराने अडवली होती ती फक्त आत्या.

मी कडीकडे बघत उभी होते, तेवढ्यात दार वाजलं.

"वहिनी... तू वाजवलंस?"

"माझे हात बघा, वन्सं."

पुन्हा वाजलं. आवाज दाराच्या अगदी वरच्या टोकाकडून येत होता. उभ्या माणसाची मूठ तिथे पोचत नाही. तरंगणाऱ्या माणसाची पोचेल. आणि त्या थापांत विनवणी नव्हती हो. राग होता. नुसता राग, मुठीतून लाकडात उतरणारा. वन्संनी माझा दंड पकडला.

"लाकूड आहे ते," वरून आवाज आला. मालक जिन्याच्या तोंडाशी उभा होता. "सुकताना वाजतं. रोज वाजतं. उघडू नका."

"हे ऐकू येतं वाटतं तुम्हाला?" मी म्हणाले. "मग त्या दिवशी कान कुठे ठेवले होते?"

"तुम्ही तुमचं काम करा."

"तिने तुम्हाला वाढवलं!"

"हो, वाढवलं!" त्याचा गोडवा एका क्षणात गळून पडला. "आणि रोज ऐकवलं! उठता ऐकवलं, बसता ऐकवलं. माझ्या बायकोसमोर, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर. तुम्हाला माहीत नाही ती कशी होती. त्या दिवशी एकदा वर आली असती ना, तर पुन्हा खाली गेली नसती..."

आपण काय बोललो ते त्याच्याच कानांवर आदळलं असावं. दारावरच्या थापाही थांबल्या होत्या. पलीकडे कुणीतरी कान लावून ऐकत होतं, एवढं मला शपथेवर सांगता येईल.

मी कडी काढली.

वन्सं "वहिनी, नको" म्हणाल्या, पण पहार त्यांनीच माझ्या हातात दिली. मी नुसतं दार उघडून थांबले नाही. बिजागऱ्या उचकटल्या. एकेक खिळा किंचाळत निघाला आणि अख्खं दार चौकटीतून सुटून खोलीत आडवं कोसळलं.

खोलीत कुणी नव्हतं. खिडकीतून येणारा करडा उजेड, पंख्यांची घरघर. मग गाळाचा वास एकदम अंगावर आला आणि माझ्या उजव्या खांद्याला काहीतरी घासून गेलं. जड होतं. ओलं होतं. घाईत होतं. बॅटरीच्या उजेडात काहीच दिसलं नाही, पण वरच्या पायरीवर उभा असलेला मालक एकेक पाऊल मागे सरकत होता, आणि त्याची नजर आमच्यावर नव्हती. आमच्या आणि त्याच्या मधल्या जागेवर होती.

"आत्या..." तो म्हणाला. लहान मुलासारखा. मग बैठकीचं दार धाडकन लागलं.

माझी उजवी बाही पिळता येईल इतकी भिजली होती. आम्ही खोलीत जाऊन छताकडे पाहिलं. डाग नव्हता. उपकरण टेकवलं, कोरडं. आम्ही दोघींनी ते दार उचलून अंगणात फेकलं. मग वन्संना रडू फुटलं. मला नाही. मला बरं वाटत होतं.

पुढे काही दिवसांनी यंत्रं न्यायला गेलो. हाका मारल्या, वरून उत्तर नाही. समोरच्या बाईला सोबत घेतलं आणि आतल्या जिन्याने वर गेलो. बैठकीचं दार नुसतं लोटलेलं होतं.

मालक कपाटावर होता. उकिडवा बसलेला, मान मागे टाकून तोंड छताला टेकवलेलं, ओठ उघडे. फरशी कोरडी, भिंती कोरड्या, टेबलावरचं वर्तमानपत्रही कोरडं कुरकुरीत. मी त्याच्याकडे चालायला लागले तसा तो घशातल्या घशात म्हणाला,

"हळू चाला... लाटा उठतात."

त्याला खाली उतरवायला गल्लीतली माणसं लागली. डॉक्टरांना मानेत काही दोष सापडला नाही. शेवटी त्याचा चुलतभाऊ त्याला आपल्या घरी घेऊन गेला. ते घर उंच टेकडीवर आहे, नदीचं तिथून दर्शनही होत नाही.

घराची किल्ली द्यायला आम्ही तिथे गेलो तेव्हा तो अंगणात उभा होता. लख्ख ऊन पडलं होतं. हनुवटी वर उचललेली, दोन्ही हात खांद्यांच्या उंचीवर, हळूहळू हवा मागे सारत होता. झोपतोही उभाच, असं त्याचा भाऊ सांगत होता. वन्संच्या चपलेत खडा गेला म्हणून त्या पायरीवर बसल्या, तर तो जिवाच्या आकांताने ओरडला, "उठा! अहो उठा, बुडाल!" त्या धडपडत उभ्या राहिल्या तेव्हाच तो शांत झाला.

परतताना वन्सं म्हणाल्या, "काही म्हण वहिनी, दया येते गं." मला आली नाही. अजून येत नाही. दार उघडल्याचा पश्चात्ताप होतो का, असं लोक विचारतात. मी त्यांना त्या मशीनबद्दल सांगते, सुईखाली अडकलेल्या कापडाबद्दल सांगते.

पण एक गोष्ट मी वन्संनाही सांगितलेली नाही. फाटकातून बाहेर पडताना मी एकदा मागे वळून पाहिलं होतं. आम्ही आलो तेव्हा त्याचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकलेले होते. आता त्याने टाचा उचलल्या होत्या.