माडगाळीची घरं

येसाजी हळदणकराचा तो मॉनिटर जोयड्याला आला तो रामनगरच्या जीपमधून, गोधडीत गुंडाळून, आणि उतरवून घ्यायला तीन माणसं लागली. समोर एकवीस इंची काच आणि मागं हे एवढं पोट. बेळगावच्या ज्या ड्रॉइंग ऑफिसात येसाजीनं सात वर्षं काम केलं ते बंद पडलं, तेव्हा मालकांनी जाता जाता ही वस्तू त्याला देऊन टाकली. "तुझ्याशिवाय ह्याला कोण सांभाळणार?" असं म्हणाले. येसाजीला तो आपला मान वाटला. मालक सुटले होते, हे त्याला महिन्याभरानं कळलं.

साल अठ्ठ्याण्णव, एप्रिल महिना. तालुका कचेरीच्या मागच्या आळीत एका कौलारू घराची पुढची खोली त्यानं कामाला घेतली होती आणि मागच्या दोन खोल्यांत तो आणि बायको मंगल राहत. काम होतं गावांच्या जुन्या नकाशांचं. बेळगावचे हुद्दार नावाचे कंत्राटदार घडीवर फाटलेले, वाळवीनं खाल्लेले नकाशे स्कॅन करून सीडीवर पाठवायचे. येसाजीनं त्यावरच्या रेषा एकेक गिरवून स्वच्छ नकाशा करायचा, आणि हुद्दारांनी तो मोठ्या कागदावर छापून घ्यायचा. सदतीस नकाशे, जूनच्या आत. स्वतःच्या नावावर मिळालेलं हे त्याचं पहिलं काम.

मॉनिटर चांगला होता, यात वाद नव्हता. जुन्या चौदा इंची पडद्यावर नकाशाचा तळहाताएवढा तुकडा दिसायचा. ओढा कुठून निघाला ते बघायला जावं तर कुठं पोचला ते विसरायला व्हायचं. ह्याच्यावर अख्खं गाव एका नजरेत यायचं, आणि तेही असं की शंभर वर्षांपूर्वीच्या मोजणीदाराचा टाक कुठं अडखळला, शाई कुठं फुटली, सगळं दिसावं. पण त्यापायी सोसायचं किती! तासाभरात खोलीची भट्टी व्हायची. मेनूतली अक्षरं मोहरीएवढी. येसाजीला पस्तिशीत चष्मा लागला. टेबल मधून वाकलं, त्याला खालून चिऱ्याचा टेकू दिला. कोपऱ्यावरची गिरण सुरू झाली की पडद्यावरचं चित्र दोन्ही अंगांनी आक्रसायचं, मंगलनं मिक्सर लावला की थरथरायचं.

"अवो, मी चटणी कधी वाटू ते तरी त्या डब्याला विचारून सांगा," मंगल आतून म्हणायची.

आणि सगळ्यात वैताग म्हणजे जास्त दिसायचं म्हणून जास्त निस्तरावं लागायचं. कागदाची सुरकुती, माशीची घाण, स्कॅनरच्या काचेवर पडलेला केस, सगळं रेषेसारखंच ठसठशीत. ही नदी की भेग, ते येसाजीनं ठरवायचं.

एकोणिसावा नकाशा नंदिगड्ड्याच्या वरच्या रानाचा होता. काम सोपं दिसत होतं. मधून एक व्हाळ, रानातला ओढा, वळसा घेत गेलेला आणि दोन्हीकडं कोरा कागद. येसाजी म्हणाला, हा दुपारपर्यंत उडवतो. पण व्हाळाच्या वळणात त्याला सात ठिपके दिसले. माशीची घाण म्हणून तो पुसायला गेला, चित्र मोठं केलं, तर ते ठिपके नव्हते. सात चौकोन होते, आणि प्रत्येकापासून केसाएवढी बारीक वाट निघून व्हाळाकडं गेलेली. मोजणीदार घरं दाखवतात तशी ती घरं होती.

मूळ नकाशा शेजारच्याच कचेरीत होता. ओळखीच्या कारकुनाकडून त्यानं तो उलगडून घेतला आणि भिंग लावून पाहिला. व्हाळ होता. वळणात काही नव्हतं.

म्हणजे बिघाड स्कॅनिंगचा. त्यानं तीच सीडी जुन्या चौदा इंचीवर लावली. काही नाही. पुन्हा मोठ्यावर लावली. सात घरं. मोठ्या पडद्याची बारकाई सेटिंगमध्ये जाऊन कमी केली, तर घरं गेली. परत पूर्वीसारखी केली, तर घरं परत आली, आणि वाटासुद्धा. एसटीडी बूथवरून त्यानं हुद्दारांना फोन लावला.

"आमच्याकडं स्वच्छ दिसतंय हो," हुद्दार म्हणाले. "तुमचा तो रणगाडा जुना झालाय. हे सरकारी रेकॉर्ड आहे. मुळात नाही ते एक टिंबसुद्धा काढायचं नाही, सांगून ठेवतो."

येसाजीनं घरं न काढता नकाशा पुरा केला. पण त्याचं मन त्याच्यावरून हटेना. माहीत असून गाळलं, असं काहीतरी त्याला टोचत राहिलं.

दर मंगळवारी पुतळी यायची. सत्तरीची कुणबीण, गळ्यात मण्यांच्या माळा, डोक्यावर कंद आणि केळ्यांची टोपली. कचेरीत तिचा कसलासा अर्ज होता आणि दर वेळी तिला पुढची तारीख मिळायची. साहेब जेवून येईपर्यंत ती येसाजीच्या दारातल्या सावलीला बसायची, मंगलला कंद द्यायची, पाणी प्यायची. त्या मंगळवारी ती पाणी प्यायला आत आली, आणि तांब्या तोंडाला लावता लावता थांबली.

"ह्यो आमचा व्हाळ."

येसाजीनं वळून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, नकाशा म्हणजे काय तेही ठाऊक असण्यासारखं नव्हतं. ती पुढं झाली आणि काचेवर बोट टेकवलं.

"ह्यें आमचं. ह्यें फुलाचं. ह्यें नागूचं, त्येच्या म्हागं फणस व्हता." बोट एकेका चौकोनावर थांबत सातही घरं फिरलं. "माडगाळी ही. माझं म्हायेर."

"आता कोण राहतंय तिथं, आज्जी?"

"कोन न्हाई. ताप आला त्या साली सगळी गेली. मी लगीन होऊन खाली नंदिगड्ड्याला व्हते म्हून ऱ्हायले." मग ती त्याच्याकडं आशेनं बघू लागली. "ह्योच कागद मागत्यात रे कचेरीत. माडगाळी व्हती असं कागदावर दाखव, मग तिथली भाताची जागा लाडूच्या नावावर बघू, म्हणत्यात. दोन वर्सं झाली. ह्यें काढून दे मला."

लाडू तिचा मुलगा. येसाजीला कसं सांगावं कळेना. पडद्यावर समोर दिसतंय ते कागदावर नाही, हे तिला काय पटणार? शेवटी हुद्दारांचं बोलणं बाजूला ठेवून त्यानं तिच्यापुरती म्हणून वेगळी प्रत केली. सातही चौकोन आपल्या हातानं गिरवले, वाटा गिरवल्या, आणि बेळगावला जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती फ्लॉपी देऊन तिथल्या एका ओळखीच्या दुकानात छापायला पाठवली. तिसऱ्या दिवशी कागद आला. व्हाळ होता. वळण कोरं.

त्यानं पुन्हा गिरवलं, जाड रेषेनं. पुन्हा कोरं. तिसऱ्यांदा त्यानं घरं काळी भरून टाकली. दुकानदारानं चिठ्ठी लावून पाठवली: "तोच नकाशा तीनदा कशाला छापून घेताय?"

त्या दिवशी येसाजीनं कीबोर्ड भिंतीवर फेकला. सगळ्या जगात एकाच काचेवर जे दिसतं, ते दाखवायचं कुणाला? साहेब हा डबा कचेरीत आणू देणार नव्हते, आणि स्वतः इथं येणार नव्हते. त्यानं विनवून पाहिलं होतं. साहेब हसले होते.

पुढच्या मंगळवारी पुतळी आली ती थेट आत. कागद नाही, हे तिनं ऐकून घेतलं. पडद्यासमोर उकिडवी बसली आणि आपली घरं बघू लागली. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"आठ कशी?"

येसाजीनं मोजली. सात होती. आणि व्हाळाच्या अलीकडं, बाकीच्यांपासून जरा लांब, तीन रेषा. चौथी बाजू उघडी.

"ह्यें आमच्यात नव्हतं," पुतळी म्हणाली. "व्हाळाच्या हिकडं कदी कोन ऱ्हायलंच न्हाई."

"असंल गोठा-बिठा. तू लहान होतीस."

"म्हायेर माझं की तुझं?" ती फटकन म्हणाली.

बुधवारी चौथी बाजू आली. गुरुवारी चौकोनाच्या मधोमध एक आडवी रेषा आली, आतली भिंत असावी तशी. येसाजीनं मूळ फाइलीची तारीख पाहिली. ती दहा दिवसांपूर्वीची होती. त्यानं फाइल बदलली नव्हती. त्यानं मॉनिटर बंद केला, वायर काढली, आणि मंगलला त्यातलं काही सांगायचं टाळलं.

शुक्रवारी लाडू आला. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. दारातच उभा राहिला.

"आवय हितं आली काय?"

"मंगळवारी आली होती. का?"

"कोन नवीन घर बांधतंय ते बघून येतो म्हणाली बुधवारी. वर गेली. आली न्हाई."

शनिवारी पहिल्या बसनं दोघं नंदिगड्ड्याला गेले आणि तिथून चढणीला लागले. दोन तास चालले. एप्रिल सरत आलेला, पायाखाली सुक्या पानांचा खच, एक पाऊल टाकलं की दहा पावलांचा आवाज. व्हाळात ओंजळभर पाणी उरलं होतं. वळण तेच होतं. येसाजीनं ते इतक्यांदा गिरवलं होतं की डोळे मिटून ओळखलं असतं. पलीकडं पानं बाजूला सारली की जोती लागत होती. दगडाची, बसकी, मुळांनी धरलेली. सात.

"आवय!" लाडूनं हाक मारली.

येसाजी व्हाळाच्या अलीकडं आला. नकाशाच्या मापानं त्यानं पावलं मोजली. बत्तीस पावलांवर झाडं संपली.

तिथली जमीन झाडलेली होती.

जमिनीत सहा खड्डे होते. चार कोपऱ्यांना चार, मधल्या ओळीत दोन. गुडघाभर खोल, कडेला ओल्या लाल मातीचे ढीग.

"खांबाचे," लाडू हळूच म्हणाला. "दोन खोल्यांचं घर."

त्या भुसभुशीत मातीवर पाऊल कुणाचंच नव्हतं. येसाजीनं पुढं टाकायला उचललेलं आपलं पाऊल मागं घेतलं.

दोघं आल्या वाटेनं उतरले.

रानखात्याच्या लोकांनी चार दिवस शोध घेतला. येसाजीनं मॉनिटरवर गोधडी टाकली आणि उरलेले नकाशे चौदा इंचीवर, डोळे फोडून, शिव्या घालत गिरवायला घेतले. एकदाच, दुपारी, न राहवून त्यानं वायर जोडली. ढंम् असा आवाज होऊन पडदा उजळला. आठवं घर पुरं झालं होतं. फक्त त्याची वाट व्हाळाकडं गेलेली नव्हती. वाटच नव्हती. त्यानं वायर ओढून काढली.

बारा दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, पुतळी दारात उभी होती.

लुगडं धुतलेलं, केसांना तेल, डोक्यावर टोपली. अंगानं भरल्यासारखी दिसत होती.

"आज्जी!" येसाजी खुर्चीतून उठलाच. "कुठं होतीस तू? लाडूवर रान पालथं घालून आजारी पडायची पाळी आली!"

"घरी व्हते."

"कुठल्या घरी?"

"आमच्या."

तिनं टोपली खाली ठेवली. गोधडीखालच्या मॉनिटरकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"आणि तो कागद?" त्यानं विचारलं.

"नको आता. ते कागद मागत न्हाईत."

"ते कोण?"

ती मंगलसाठी कंद निवडत होती. येसाजीचं लक्ष तिच्या हातांकडं गेलं. नखांत लाल माती होती. बसचा एवढा प्रवास होऊनही ओली.

"आठवं तेवढं अडलंय," पुतळी म्हणाली. "खांब झाले, कूड झाला, सारवून बी झालं. दार कुनीकडं करायचं त्ये तुमास्नी इचारून ये, म्हणाले."

येसाजीनं मागं वळून मंगलला आतच थांब अशी हातानं खूण केली, पण ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती आणि शेवटचं तेवढंच तिच्या कानावर पडलं होतं.

"घर बांधायलायसा व्हय, आज्जी? मग दार उगवतीलाच बरं. सकाळचं ऊन आत येतंय."

पुतळीनं तांब्या घेतला. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायली. "उगवतीला," असं एकदा स्वतःशी म्हणून घेतलं, मंगलच्या तोंडावरून मायेनं हात फिरवला, आणि टोपली उचलून निघाली.