तांबड्या चंद्रावरचा पोळा

चंद्रावर मला तेल्हाऱ्याचा माणूस भेटला.

आपल्या आकाशातला चंद्र नव्हे. संगणकावरच्या एका जुन्या खेळातला, तांबड्या मातीचा, दोन सूर्यांच्या उजेडातला. 'कॉपर मून' त्या खेळाचं नाव. पंचवीस-सत्तावीस वर्षांपूर्वी तो अमरावतीत आला, तेव्हा मी राजकमल चौकाजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. संध्याकाळची शेवटची बॅच गेली की पंख्याखाली एकटीच बसून मी त्या चंद्रावर जायची. निळे स्फटिक खणायचे, हार्वेस्टर नावाच्या यंत्रगाडीनं ते वाहून आणायचे, त्यातून कारखाने उभे करायचे, रणगाडे बनवायचे, आणि शत्रू चालून यायच्या आत आपणच त्याच्यावर जायचं. बुद्धिबळासारखी आपल्या पाळीची वाट पाहायची सोय त्यात नाही. तुम्ही विचार करत बसलात तरी समोरच्याचं काम चालूच असतं. आणि जिथवर आपली गाडी गेलेली नाही, तिथवर सगळा नकाशा काळा.

पुढे क्लास बंद झाला. बाबांचं आजारपण आलं, ते संपतं न संपतं तोच आईचं. लग्नाचं उरलंसुरलं वय त्या औषधांच्या वासात कधी निघून गेलं, मला कळलंही नाही. आता रुक्मिणीनगरातल्या घरात मी असते, आणि भिंतीवर त्या दोघांचे फोटो. सकाळी दूधवाल्याशी दोन वाक्यं होतात. कधी कधी दिवसभरातली तीच.

यंदाच्या उन्हाळ्यात पेपरात वाचलं, तो खेळ नव्या रूपात पुन्हा आलाय. पासष्टीच्या बाईनं असले उद्योग करू नयेत असं मनात आलं खरं... पण ते येईस्तोवर खेळ संगणकावर उतरलाही होता.

चित्रं नवी होती, आवाज मात्र तेच. कारखाना उभा राहताना होणारी ती खर्जातली घरघर ऐकली, आणि मला क्लासच्या कोपऱ्यात ठेवलेल्या ओल्या छत्र्यांचा वास आला.

आता हा खेळ जगातल्या कुणाहीबरोबर खेळता येतो. हेडफोनवर एकमेकांशी बोलताही येतं. पडद्यावर खेळाडूंची नावं दिसतात, त्यातलं एक निवडायचं. सगळी नावं ड्रॅगन, किलर, असली. आणि मध्येच एक — तेल्हारा.

मी हेडफोन सारखा केला. "नमस्कार. तेल्हारा म्हणजे... आपलं? अकोल्याजवळचं?"

पलीकडून मग एक घोगरा, दमदार आवाज आला — "नाई तं काय, चंद्रावरचं हाये का दुसरं?"

मी हसले. माझं हसणं त्या खोलीत मलाच अनोळखी वाटलं.

मी दामिनी म्हणून सांगितलं; त्याचं नाव सहदेव. तेल्हाऱ्याच्या कापूस जिनिंगमध्ये जन्मभर मशीन दुरुस्त केलेला माणूस. घरची जमीनही होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा हैदराबादला. स्वतः अकोल्यात, जठारपेठेतल्या दोन खोल्यांत. मुलगा शिकायला बाहेर पडला तेव्हा त्याचा संगणक आणि हा खेळ घरी राहिला होता, आणि बाप त्याला चिकटला होता.

"पोरगा गेला अन् घर एवढं मोठं झालं, बाप्पा... आवाज पाहिजे म्हणून लावला म्या हा खेळ," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी मी त्याला पार धुळीला मिळवलं.

"एवढ्या लवकर कावून आल्या तुमी? चहा तं होऊ द्याचा."

"तुम्ही दार उघडं ठेवलं होतं."

"पाहुणे येतीन म्हणून ठेवलं होतं, दामिनीबाई. रणगाडे घेऊन कोण येते?"

"मी येते."

"दिसून राहिलं ना," तो म्हणाला. आणि निघताना — "उद्या येता?"

मी येत गेले. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावायचा, कुकर उतरवायचा आणि चंद्रावर जायचं. त्याच्यासारखं खेळणं मी कुणाचंच पाहिलं नव्हतं. स्फटिकांचं रान तो कधी पूर्ण उपसायचा नाही. एक पट्टा तसाच सोडायचा.

"घ्या ना तेही," मी एकदा म्हटलं. "फुकट जातंय."

"वावराले दम घेऊ द्यावा लागते."

"अहो, हे वावर नाही. खेळ आहे!"

"तुमचा खेळ असीन. मी तं इथं वावरातच येतो. घरचं वावर ठेक्यानं देल्लं, बैलजोडी इकली. आता हेच."

हार्वेस्टर खराब झाला की दुसरे खेळाडू तो तसाच टाकून नवा घेतात. हा त्याला हळूहळू परत आणून दुरुस्तीला उभा करायचा, आणि "ये, राजा... ये," म्हणायचा. मला वाटायचं, ते ऐकायला मिळावं म्हणूनच मी त्याचे हार्वेस्टर थोडे थोडे खराब करते.

एकदा त्यानं फोन नंबर मागितला.

"चंद्रावर फोन लागत नाही," मी म्हटलं.

"मंग अमरावतीत लागत असीन?"

"अमरावतीतली बाई फार कंटाळवाणी आहे, सहदेवराव. चंद्रावरचीच बरी."

तो हसला नाही. "मले नाई वाटत तसं," एवढंच म्हणाला. त्या संध्याकाळी मी हरले. रणगाडे कुठे पाठवतेय याकडे माझं लक्षच नव्हतं.

श्रावण सरत आला. झड लागली होती, गुडघा धरला होता, आठवडाभर मी उंबरठ्याबाहेर पाय टाकला नव्हता. त्या संध्याकाळी खेळ सुरू झाला, पण सहदेव गप्प होता. नेहमीसारखा "काय करून राहिल्या?" नाही. मी विचारलं, "बरं आहे ना?" "हाव," म्हणाला. बस.

मी रणगाडे घेऊन निघाले. काळ्या नकाशातून वाट उजळत गेली, आणि समोर त्याचा तळ दिसला. एकही तोफ नव्हती. एकही शिपाई नव्हता. त्याचे सगळे हार्वेस्टर एका रांगेत उभे होते, थांबलेले. रांगेच्या दोन्ही टोकांना दिव्यांचे मनोरे. स्फटिकांच्या रानात कुणीच नाही. त्या चंद्रावर एकही काम चाललेलं नव्हतं.

मला वाटलं, हा मला जिंकू देतोय. म्हाताऱ्या बाईची कीव आली याला. जन्मभर लोकांनी माझी कीवच केली — बिचारी दामिनी, आईबापांचं करता करता राहून गेली. इथे तरी ती नको होती मला. डोक्यात तिडीक गेली, आणि मी हल्ल्याची आज्ञा दिली.

त्याचे हार्वेस्टर हललेसुद्धा नाहीत. एकेक करून सगळे जळाले.

"झालं?" त्याचा आवाज आला. हळू, दमलेला. आणि नाव विझलं.

मी हेडफोन काढत होते तोच दारावर थाप पडली. शेजारची वर्षाली होती, पदराखाली झाकलेलं ताट घेऊन. "काकू, पोळ्याचं आणलं. जेवला नसाल ना?"

ताटात पुरणाच्या पोळ्या होत्या, कढी होती, वडे होते. अजून वाफ निघत होती.

"आज... पोळा आहे?"

"काकू! सकाळपासून गल्लीत बैल आले नाहीत का? तुमच्या दारात नाही आले?"

आले असतील. दार बंद होतं. बंद दारापुढे कुणी बैल कशाला उभे करील?

वर्षाली गेली तरी मी ताट हातात धरून उभी होते. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू चढत नाही. त्यांना धुतात, रंगवतात, तोरणाखाली रांगेत उभं करतात. बैल विकलेल्या माणसानं आपला पोळा तिथे चंद्रावर भरवला होता, तोरणाचे दिवे लावून. आणि मी रणगाडे घेऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. त्याचं नाव पडद्यावर करड्या रंगात नुसतं पडून असायचं. माझ्याकडे नंबर नव्हता. मीच दिला-घेतला नव्हता. अकोला शहर माझ्यासाठी पुन्हा काळा नकाशा झालं होतं.

त्या चार दिवसांत मला सुचेल ते मी केलं. रोज दिवेलागणीला मी खेळ उघडायची, तोफ न लावता, शिपाई न घेता. हार्वेस्टर तयार करायची आणि रांगेत उभे करायची. खेळाच्या दारावर नाव टाकायची — 'तेल्हाऱ्याच्या माणसासाठी'. कुठल्या कुठल्या देशांतली पोरं आत शिरायची, मला नुसती बसलेली पाहून मनसोक्त जाळपोळ करायची आणि निघून जायची. मी पुन्हा नव्यानं मांडायची. बाहेर पाऊस चालूच. घरात त्याच्या आवाजाची एक जागा झाली होती, कपाट हलवल्यावर भिंतीवर उरते तशी. कुकरची शिट्टी झाली की मी अजून त्याला सांगायला तोंड उघडायची — "थांबा हं, गॅस बंद करून येते..."

गणपती बसले त्या संध्याकाळी त्याचं नाव हिरवं झालं.

त्याचा एक हार्वेस्टर अंधारातून खडखडत आला. माझ्या रांगेपाशी येऊन थबकला, आणि शेवटच्याच्या शेजारी उभा राहिला.

"सहदेवराव... मला ठाऊक नव्हतं हो. पोळा आहे ते."

"तेच तं," तो म्हणाला.

"रागावलात?"

"राग? नाई, बाई. मशिनी तं मशिनी हायेत, पुन्हा येतेत." तो म्हणाला. "तुमी गोळ्या चालवल्या तवा मले समजलं... तुमाले पोळा हाये म्हणून सांगणारं घरात कोणीच नाई. सण दाराहून चालला जाते, अन् तुमाले पत्ता नाई. ते लागलं मले. काय बोलाव तेच समजेना. तेल्हाऱ्याले चाल्लो गेलो भावाकडं. तिथं नेट नाई धड."

माझ्या डोळ्यांपुढे तो सगळा तांबडा चंद्र डबडबला. इतकी वर्षं मी कुणाला दिसू नये म्हणून किती नीटनेटकी राहत होते...

"ऐका," तो म्हणाला. "भावाकडं महालक्ष्म्या असतेत. जेवाले या. मी येतो अकोल्याच्या टेसनावर. तिथून एसटीनं जाऊ."

"मी? तुमच्या घरी? लोक काय म्हणतील?"

"म्हणतीन, सहदेवचे सारे हार्वेस्टर जाळले ते बाई हेच का? गावात साऱ्याइले सांगून ठेवलं म्या."

"नंबर लिहून घ्या," मी म्हटलं.

बडनेऱ्याहून गाडी पकडली. मूर्तिजापूर गेलं. पदर तीनदा सारखा केला. आम्ही एकमेकांना पाहिलंच नव्हतं, फोटोसुद्धा नाही. अकोल्याच्या फलाटावर उतरले, तर पाण्याच्या नळापाशी एक उंच, पांढऱ्या शर्टातला माणूस चहावाल्याला सांगत होता — "दोन ठेव. एक आता, एक बाई आल्यावर. आल्या नाई तं दोनी मीच पितो."

"बाई आली," मी मागून म्हटलं.

तो वळला. पाहतच राहिला. मीही. केस सगळे पांढरे, भुवया मात्र काळ्याभोर.

"तुम्ही उंच आहात," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. "आवाजावरून बुटके वाटायचात."

"अन् तुमी आवाजावरून लय भांडखोर वाटत होत्या." त्यानं चहाचा कप माझ्या हातात दिला. कप जरा हिंदकळला. "दिसता पण तशाच."

बाहेर ऑटो थांबवून ठेवला होता. पण तो हलेना. चपलेनं फलाटावरचं पाणी सारत राहिला.

"एक गोष्ट हाये. वच्छलावहिनीनं इचारलं — भाऊजी, येणारी बाई तुमची कोण? म्या म्हटलं, पाहुणी. ते म्हणे, पाहुणी तं समजलं, पण कोण? मले सांगता नाई आलं." तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आता गेल्या गेल्या पुन्हा इचारीन. काय सांगू?"

मी कुणाची कोण, हा प्रश्न आईबाबा गेल्यापासून कुणाला पडलाच नव्हता.

"सांगा..." मी चहाचा शेवटचा घोट घेतला. "सांगा, तुम्ही मला मागणी घातलीय."

तो दचकला. "पण म्या कुठी घातली अजून?"

"मग घाला ना. ऑटोवाला किती वेळ थांबेल?"

"अठी? टेसनावर?" त्यानं इकडेतिकडे पाहिलं. चहावाल्यानं भलत्याच आवडीनं कप विसळायला घेतले. सहदेवनं छत्री या हातातून त्या हातात घेतली, मग पुन्हा या हातात. "दामिनीबाई... घरी दोन खोल्या हायेत. सकाळी चहा मी करतो, बरा जमते. बोलाले कोणी नाई. तुमी... राह्यता का माझ्यासंगं?"

फलाटावर कुठल्याशा गाडीची घोषणा झाली. ती संपेपर्यंत तो श्वास धरून उभा होता.

"हाव," मी म्हटलं.

आमची आई 'हो'ऐवजी असंच म्हणायची. क्लासात शिकवायला लागल्यापासून हा शब्द माझ्या तोंडून गेला होता. तो असा अकोल्याच्या फलाटावर परत येईल, हे मलाही ठाऊक नव्हतं.

सहदेवनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि छत्री उघडली. वर पत्र्याचं छप्पर होतं, पावसाचा एक थेंबही येत नव्हता... तरी ती माझ्या डोक्यावर धरून तो चालायला लागला.