शेवटच्या वळणाआधी

नवी कोरी गाडी थेट शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची नसते, हे वहिनींच्या गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. आधी इंजिन मोकळं होऊ द्यायचं; कधी हळू, कधी जरा जोरात, पण दामटायचं नाही. मग ऑइल बदलायचं, मग ब्रेककडे वळायचं. वहिनी म्हणायच्या, नवी गाडी आणि नवी सून, दोघींना रुळायला वेळ द्यावा. घाई केली की जन्मभर कुरकुर ऐकावी लागते.

ही दोनच सीटांची लाल गाडी त्यांच्या धाकट्या दिरांची. हायवेवर फिरवून फिरवून वहिनींनीच ती रुळवली होती. आता नवे ब्रेक मुरवायचे होते. वेग घ्यायचा, ब्रेक कचकन दाबायचा, पण गाडी थांबू द्यायची नाही. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. हे काम मोकळ्या ट्रॅकवरच होतं. आणि ट्रॅकवर वहिनींनी पाऊल ठेवलं नव्हतं, नवरा तिथल्या शेवटच्या वळणावर गेला तेव्हापासून. दीर म्हणाले, मी करतो. वहिनींनी ऐकलं नाही. भीती किती वर्षं पोसायची?

संध्याकाळी ट्रॅक रिकामा होता. ओल्या गवताचा वास, आणि कडेच्या झाडांतून हळूहळू उतरणारं धुकं. दीर ट्रॅकलगतच्या भिंतीपाशी हातात दिवा घेऊन उभे राहिले आणि वहिनी एकट्याच गाडी घेऊन निघाल्या.

थोड्याच वेळात ब्रेक तापले, करपट वास आत आला. काम मनासारखं चाललं होतं. तेवढ्यात गाडी टिंग टिंग वाजू लागली. शेजारी बसलेल्याने पट्टा लावला नाही की वाजते तशी.

शेजारी कोणी नव्हतं.

नव्या गाडीचे नखरे, असं म्हणून वहिनींनी डावा हात त्या सीटवर टेकवला. सीट खोल दबलेली होती. आणि ऊबदार.

भीती वाटायला हवी होती, पण वहिनींनी हात तिथून काढला नाही. लग्न नवं होतं तेव्हा ते असेच शेजारी बसून त्यांना गाडी शिकवायचे.

"अहो..." त्या हळूच म्हणाल्या.

मग त्या बोलतच सुटल्या. लेक कॉलेजात जायला लागली, तुमच्यासारखीच हट्टी निघाली. सासूबाईंचा गुडघा आता बरा आहे, जीभ तर पहिल्यापासूनच ठणठणीत. गॅरेज चालवते आहे मी, जमतंय. धुक्यात फेऱ्यांवर फेऱ्या चालल्या होत्या. ब्रेक केव्हाच मुरले होते. दीर दिवा हलवून थांबायला सांगत होते. वहिनींना ते दिसलंही, पण थांबवेना. थांबलं की ते जातील, असं वाटत होतं. वेग चढत होता तो मात्र कळला नाही.

शेवटचं वळण पुन्हा समोर आलं. पाय ब्रेकवर गेला, तोच कानाशी अगदी मायेने कुणीतरी म्हणालं,

"नको दाबूस... अशीच ये."

पाय सैल पडला. धुक्यातून पांढरा कठडा पुढे आला. शेजारचं टिंग टिंग आता कल्लोळ करत होतं. जेवायला थांबलेली लेक वहिनींच्या डोळ्यांपुढे आली.

"मला घरी जायचंय हो," त्या रडत म्हणाल्या आणि सगळा भार ब्रेकवर टाकला.

गाडी फरपटत कठड्याला टेकता टेकता थांबली. टिंग टिंगही बंद झालं.

दीर धावत आले. वहिनींनी कसंबसं सगळं सांगितलं. ते एकटे पडलेत, मला बोलावत होते, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. दीर त्यांना उतरवून, पाणी पाजून गाडी तपासायला गेले. शेजारच्या सीटपुढे दिवा धरून बराच वेळ वाकून उभे राहिले.

"वहिनी, हे बघ."

पायाशी कंपनीने अंथरलेला जाड कागद एकाच जागी फाटून लगदा झाला होता. खालचा गालिचा दबून पत्र्याला टेकला होता, आणि त्यावर बुटाचा चवडा स्वच्छ उमटला होता. तिथे ब्रेक नसतोच. पण कुणीतरी तो जिवाच्या आकांताने दाबला होता.

"दादा तुला नेत नव्हता," दीर म्हणाले. "थांबवत होता."

वहिनींनी त्या खुणेवर तळवा ठेवला. वर्षानुवर्षं छातीत अडकलेलं काहीतरी सुटलं, आणि रडता रडता त्यांना हसू आलं.

मग ते हसू थांबलं. त्यांचा हात सावकाश आपल्या उजव्या कानाकडे गेला.

ते डावीकडे बसले होते. आवाज या बाजूने आला होता... जिथे नुसती खिडकीची काच होती.